रविवारी आरवणारा टर्की

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. 3 मे 2025 च्या पहाटे आमच्याकडे तांबडं वेळेवर फुटलं. गप्प होतं ते कोंबडंच. आणि त्याला कुणी झाकलंही नव्हतं. तीन आठवडे रोज पहाटे डोंगर डोक्यावर घेणारा एक रानटी टर्की नेमका शिकारीचा मोसम सुरू झाला त्या दिवशी मुका झाला. का झाला, हे शोधताना आमचे जे जे अंदाज चुकले त्यांची ही हकीकत आहे.

जागा नैर्ऋत्य पेनसिल्व्हेनियातली, पिट्सबर्गपासून गाडीने पाऊण तासावर. कोळशाचा डोंगराळ पट्टा. आमचे शेजारी चौऱ्याहत्तर वर्षांचे, खाणीतून निवृत्त झालेले. घरात आम्ही त्यांना खाणकाका म्हणतो. समोर अर्थात नावानेच हाक मारतो, कारण इथे 'काका' म्हटलं तर ते मागे वळूनही बघणार नाहीत. त्यांची नव्वद एकर जमीन आहे. खाली गवताचं कुरण, मध्ये ओढा आणि वर ओक अन् ट्युलिप पॉपलरच्या रानाची एक लांब सोंड. त्या सोंडेवर हा टर्की रात्री झाडावर बसायचा.

मी शिकारी नाही. मिरजेत वाढलो, तिथे शिकार ही म्हाताऱ्यांच्या गप्पांत ऐकायची गोष्ट. कामाने सॉफ्टवेअर टेस्टर, त्यामुळे जे दिसतं त्यापेक्षा जे दिसायला हवं होतं आणि दिसलं नाही, त्यात मला जास्त रस. काकांबरोबर मी गेलो तो वही घेऊन. परवाना नसल्यामुळे बंदूक सोडाच, पक्ष्याला बोलावायचं कामही माझं नव्हतं.

हे बोलावणं म्हणजेच इथली वसंतातली शिकार. पेनसिल्व्हेनियात या मोसमात टर्कीच्या मागावर दबकत जाणं बेकायदा आहे. एका जागी बसायचं, मादीचा आवाज काढायचा आणि नर येईल याची वाट बघायची. मारायचा तो फक्त दाढीवाला पक्षी, म्हणजे छातीवर केसांसारखा झुबका असलेला, बहुतेक वेळा नरच. काकांच्या खिशात एक पाटी असते. खरीखुरी दगडी पाटी, तळहाताएवढी गोल, आणि तिच्यावर घासायला लाकडी काडी. शाळेत पाटीवर पेन्सिल करकरली की अंगावर काटा यायचा, तोच आवाज ताब्यात ठेवून काढला तर टर्कीची मादी बोलते. दुसरी देवदाराची छोटी पेटी; झाकण घासलं की ती अर्धा मैल ऐकू जाते.

यात एक मूळची गोम आहे. निसर्गात नर आरवतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी मात्र मादी बनून हाक मारतो आणि नराने आपल्याकडे यावं असं म्हणतो. म्हणजे पक्ष्याने रीत उलटी करावी अशी अपेक्षा. तो शहाणा असेल तर जागेवर उभा राहून आरवतो, 'तूच ये' म्हणतो, आणि कुणी आलं नाही की निघून जातो. हे मला काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी वहीत लिहून ठेवलं आणि विसरलो.

एप्रिल

19 एप्रिलला मी सोंडेच्या टोकाला एका झाडावर हातात मावेल एवढा रेकॉर्डर बांधला. रोज पहाटे पाच ते दुपारी बारापर्यंत आपोआप सुरू राहील असा लावून ठेवला. काकांना ते पोरखेळ वाटलं. "कान आहेत की," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ईस्टर होता. रस्त्याच्या कडेला गाडी बंद करून आम्ही ऐकत उभे राहिलो. पाच पन्नासच्या सुमाराला पहिली हाक आली. इथले लोक तिला 'गॉबल' म्हणतात आणि शब्द नक्कल करूनच बनला असावा. पण कागदावरच्या गॉबलमध्ये तो जोर नाही. घशात गोट्या भरून कुणी जिन्यावरून खाली ओतल्यासारखा तो आवाज असतो, सेकंदभराचा. निवांत पहाटे मैलभर जातो. आमच्या टर्कीची एक खूण होती. पहिल्या 'गॉ'नंतर तो किंचित अडखळायचा, जुन्या लुनाने किक घेतल्यासारखा. चाळीसपर्यंत मोजून मी सोडून दिलं.

या दिवसांत त्यांना बोलायला कारण असतं. दिवस लांबत जातो तसं नराच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन चढतं, हिवाळ्यातले मोठे थवे फुटतात आणि कोण कुठे बसतो हे माद्यांना कळवायचं असतं. ही आरवण्याची पहिली भरती. मग माद्या त्याच्याभोवती जमल्या की ओहोटी. आमच्याकडेही तेच झालं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तो झाडावरून वीस-पंचवीस वेळा बोलायचा, उजाडल्यावर खाली उतरायचा आणि मग एकदम चूप. काकांनी दुर्बीण दिली. कुरणाच्या कडेला तो पिसारा फुलवून गोल गोल फिरत होता आणि तीन माद्या त्याच्याकडे ढुंकूनही न बघता दाणे टिपत होत्या. समोर तीन जणी असताना आरोळी कुणाला ठोकायची? इथल्या शिकाऱ्यांच्या तक्रारींत ही सगळ्यात जुनी: पक्षी गप्प आहे, कारण त्याचं बरं चाललंय.

याला मी वहीत 'शांतता क्र. 1' लिहिलं. तेव्हा वाटलं होतं, एवढीच असते.

29 एप्रिलला, मंगळवारी संध्याकाळी, पिट्सबर्गवर वादळ आलं. सरळ रेषेत सुटलेला वारा होता, पण झाडं उपटताना त्याने काही कमी केलं नाही. माणसं दगावली, लाखो घरांची वीज गेली, आमची तीन दिवस नव्हती. काकांच्या सोंडेवर दोन मोठे ओक मुळासकट आडवे झाले. पुढचा आठवडाभर सगळीकडून चेनसॉ आणि जनरेटरचा घरघराट. आणि चारच दिवसांवर मोसम उघडणार.

मुका शनिवार

3 मेला आम्ही सव्वापाचला चालायला लागलो. सूर्योदय सव्वासहाचा, कायद्याने अर्धा तास आधीपासून बंदूक चालवता येते. पानांवरून पाणी ठिबकत होतं. पलीकडच्या जमिनीच्या फाटकाशी तीन पिकअप उभे दिसले आणि अंधारातून कुणीतरी घुबडासारखं ओरडलं. हीही एक युक्ती. पट्टेरी घुबडाची हाक ऐकली की झाडावरच्या टर्कीला राहवत नाही, दचकून तो उत्तर देतो आणि आपली जागा सांगून बसतो. कावळा, मेघगर्जना, गाडीचं दार आपटणं, कशानेही हे होतं. आपल्याकडे ढग गडगडले की मोर ओरडतो ना, तसंच. त्या आधीच्या गुरुवारी आमचा टर्की चेनसॉच्या पहिल्या झटक्याला आरवलेला मी माझ्या कानांनी ऐकलेला आहे.

शनिवारी घुबड ओरडलं, पुन्हा ओरडलं, देवदाराची पेटी वाजली, आणखी एक पेटी वाजली. टर्की बोलला नाही. आठ वाजेपर्यंत नाही, दहापर्यंत नाही. बाराला नियमाप्रमाणे बंदूक मिटली. मोसमाच्या पहिल्या पंधरवड्यात इथे दुपारी बारालाच थांबावं लागतं. माद्यांच्या अंड्यांवर बसण्याच्या दिवसांत रानात गडबड नको म्हणून.

परतताना अंदाज सुरू झाले. पहिला माझा: वादळात त्याचं झाड पडलं, तो जागा सोडून गेला. दुसरा पलीकडच्या जमिनीवरच्या एकाचा, फाटकाशी भेटल्यावर: कोल्ह्याने नेला असणार. इथला कोल्हा म्हणजे कायोट, आणि झाडावरून गळा काढणाऱ्या पक्ष्याचा पत्ता त्यालाही कळतोच. तिसरा हवेचा: ओल आणि वारा असला की ते कमी बोलतात. काका काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, "बोलत नाही म्हणजे मेला असं नसतं. मी घरात कुठे बोलतो?"

पुढच्या सोमवारी आणि बुधवारीही तेच. पण बुधवारी ओढ्याकाठच्या चिखलाच्या वाटेने उतरताना काका थबकले आणि काठीने खाली दाखवलं. तीन बोटांचे मोठे ठसे एका ओळीत, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बारीक समांतर ओरखडे, कुणी खराटा ओझरता फिरवल्यासारखे. पिसारा फुलवून चालताना नर पंखांची टोकं जमिनीला घासतो, त्याच्या त्या रेघा. थोडं पुढे विष्ठा पडलेली होती, इंग्रजी 'जे' अक्षराच्या वळणाची. मादीची असती तर वेटोळं झालं असतं. रात्रीच्या पावसानंतरचा चिखल, म्हणजे रेघा त्याच सकाळच्या. कोल्ह्याने नेलेला पक्षी आमच्यापासून शंभर पावलांवर पिसारा फुलवून मिरवत होता, अवाक्षर न काढता.

इथे तीनातले दोन अंदाज गळाले. राहिला हवेचा. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. वाऱ्यात आणि पावसात पक्षी कमी बोलतो, आणि त्यापेक्षा जास्त म्हणजे आपल्याला कमी ऐकू येतं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात या रानांना पालवी भरते आणि जो आवाज एप्रिलमध्ये उघड्या फांद्यांतून मैलभर येतो तो पानांत मुरतो. तेव्हा 'तो आरवला नाही' आणि 'मी ऐकलं नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. टेस्टरच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी शिकवतात: लॉगमध्ये नोंद नाही याचा अर्थ घटना घडली नाही असा नाही, लॉगच बंद असेल. मी मात्र झाडावर रेकॉर्डर बांधून तीन आठवडे त्याचं कार्ड काढलंच नव्हतं.

कार्ड

11 मेला, रविवारी दुपारी, काढलं. आवाजाचं चित्र पडद्यावर मांडलं की गॉबल ओळखायला सोपा जातो. खालच्या पट्टीत सेकंदभराचा दाट खरडा. कार्डिनल पक्ष्याची शीळ वर रेशमासारखी बारीक जाते, चेनसॉ सगळं पान काळं करते. चहाचे तीन कप होईपर्यंत मी खरडे मोजत बसलो.

1 आणि 2 मे, म्हणजे वादळानंतरचे गुरुवार-शुक्रवार: भरपूर. वादळाने त्याला ना हलवलं होतं ना घाबरवलं.

3 मे, शनिवार: पाच अडतीसला दोन, अडखळणाऱ्या पहिल्या 'गॉ'सकट. आम्ही तेव्हा सोंडेच्या अलीकडच्या अंगाला ओल्या पानांतून चालत होतो, ऐकलंच नाही. त्याच्या मिनिटभरानंतर रेकॉर्डरवर घुबडाची हाक येते, माणसाची. दोन पेट्या वाजतात. त्यानंतर दुपारपर्यंत एकही खरडा नाही.

4 मे, रविवार: तीसहून जास्त. नऊ वाजेपर्यंत सुरू, मग पावणेअकराला पुन्हा चार.

सोमवार: तीन. बुधवार: पाच, सगळे उजाडायच्या आत. शनिवारी 10 तारखेला चार. आणि कार्ड काढलं त्या दिवशी सकाळी, म्हणजे 11 च्या रविवारी, पुन्हा तीसच्या वर.

पेनसिल्व्हेनियात रविवारच्या शिकारीवर फार जुनी बंदी होती. मध्यंतरी शरदातले काही मोजके रविवार उघडले होते, आणि 2025 च्या जुलैत तर तो कायदाच काढून टाकला. पण त्या वसंतात टर्कीला रविवारची पूर्ण सुट्टी होती. आमचा पक्षी सुट्टीच्या दिवशी गात होता.

मी पळत काकांकडे गेलो नाही, हे माझ्या बाजूने सांगतो. एक पक्षी आणि दोन रविवार यावर कुणी काही सिद्ध करत नसतं. शिवाय रविवारी रस्ता शांत असतो, चेनसॉ बंद असतात. रेकॉर्डरलाच जास्त ऐकू आलं असेल. म्हणून फक्त साडेपाच ते सव्वासहा एवढाच तुकडा सगळ्या दिवसांचा पुन्हा पाहिला, कारण इतक्या लवकर कुणीच करवत लावत नव्हतं. आकडे लहान झाले, फरक तसाच राहिला. तेव्हा गेलो.

काकांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "म्हणजे आपण," म्हणाले.

याच प्रश्नावर दक्षिणेकडे, साउथ कॅरोलायनात, पुष्कळ मोठं काम झालेलं आहे. जॉर्जिया विद्यापीठाचे मायकल चेंबरलेन, लुइझियाना स्टेटचे ब्रेट कॉलियर आणि त्यांच्याबरोबरचे पॅट्रिक वाइटमन यांनी रानात रेकॉर्डर लावले, पक्ष्यांच्या पाठीवर जीपीएस बांधले आणि आरवणं, शिकार अन् माद्यांचं अंड्यांवर बसणं हे शेजारी शेजारी मांडून पाहिलं. त्यातला एक निबंध 2019 मध्ये आला. शिकारी पिढ्यान्पिढ्या सांगत आलेत की आरवण्याच्या दोन भरत्या असतात, एक थवे फुटताना आणि दुसरी माद्या अंड्यांवर बसल्यावर, जेव्हा नर एकटा पडतो. शिकारीच्या रानात ही दुसरी भरती नीट दिसेना. मोसम उघडला आणि नर मारले जाऊ लागले की आरवणं उतरणीला लागायचं. मग तुलनेला एक अशी जागा मिळाली जिथे टर्कीची शिकार जवळपास होतच नाही: सव्हाना नदीकाठचा अण्वस्त्रांसाठीचा सरकारी प्रकल्प. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला प्लुटोनियम आणि ट्रिशियम बनवायला तीनशे चौरस मैलांच्या आसपास जमीन कुंपणात घेतली, माणसं उठवली आणि आत रान वाढलं. तिथले टर्की मोसमाच्या तारखांना जुमानत नाहीत. बाहेरचे गप्प होतात तेव्हाही हे बोलत राहतात, आणि मादी अंड्यांवर बसण्याच्या दिवसांत जास्तच. बॉम्बच्या कारखान्याच्या आवारात निवांत आरवणारा पक्षी, हे मला अजून पचलेलं नाही, पण असो.

आता गप्प होण्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. मेलेला पक्षी आरवत नाही, आणि जो जास्त आरवतो तोच आधी सापडतो. म्हणजे मोसमाच्या पहिल्या आठवड्यात बडबडे निघून जातात आणि मागे अबोल उरतात. हे एक. दुसरं, जिवंत राहिलेला शिकतो. पहाटे हाक दिली की घुबड ओरडतं, पेटी वाजते, पावलं येतात, मादी मात्र येत नाही. मोठ्या रानात हे दोन धागे सुटे करणं अवघड असतं. आमच्याकडे तो प्रश्न नव्हता. पक्षी एकच होता, जिवंत होता, आणि रविवारी त्याचा घसा ठणठणीत होता.

आपल्याकडे फासेपारध्यांकडे पाळलेला तितर असायचा. तो पिंजऱ्यातून बोलला की रानातला तितर भांडायला यायचा. त्यांच्याबद्दल लहानपणी ऐकलेलं एक मला तेव्हा आठवलं. एका माळावर ते लागोपाठ दोनदा फासा लावत नसत. काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "खाणीतही आम्ही तसंच करायचो." खाणीत तितर कुठले? मी विचारलं नाही.

आठवडाभर सुट्टी

12 ते 16 मे आम्ही सोंडेकडे फिरकलो नाही. काका रस्त्यावरूनही पाटी वाजवत नव्हते, आणि हे त्यांना किती जड गेलं ते त्यांच्या पत्नीलाच विचारा. पलीकडची मंडळी दुसऱ्या काउंटीत गेली होती. कार्डावर पुढे दिसलं ते असं: मंगळवारपर्यंत कमी, बुधवारपासून चढ, शुक्रवारी पंचवीसच्या आसपास, आणि त्यातले बरेच दहा वाजल्यानंतरचे. हे उशिराचे आवाज आम्हाला हवेच होते. मादी रोज एखादं अंडं घालत दहा-बारा पुरी करते आणि मग अठ्ठावीस दिवस त्यांच्यावर बसते. घालण्याच्या दिवसांत ती सकाळी नराबरोबर असते आणि दिवस वर आला की हळूच घरट्याकडे सटकते. बसायला लागली की फारशी उठतच नाही. नर साडेदहाला मान वर करून बघतो तर कुणी नाही. मग हाक.

17 मेला आम्ही पावणेपाचलाच जाऊन बसलो. टॉर्च नाही, बोलणं नाही. माझी निळी टोपी काकांनी गाडीतच काढून घेतली होती. लाल, पांढरा, निळा यांतलं काहीही अंगावर नको, रुमालसुद्धा नको, हा इथे शिकाऱ्यांना पहिल्या दिवशी शिकवतात तो नियम. कारण फुललेल्या नराचं डोकं नेमकं त्याच तीन रंगांचं असतं, आणि झुडपाआडचा निळा तुकडा बघून माणसावर गोळी चालल्याचे प्रकार झालेले आहेत.

पाच चाळीसला तो बोलला, सात-आठ वेळा. काकांनी पाटीवर काडी तीनदा टेकवली, झोपेतली मादी कुरकुरावी इतकंच. मग पाटी खिशात. पंखांचा धडधडाट झाला, तो खाली उतरला आणि शांत. दहा मिनिटं, वीस, चाळीस. मला वाटलं गेला. पायाला मुंग्या आल्या होत्या, मानेवर गोचीड चढत असल्याचा भास होत होता, आणि या भागात तो बहुतेक वेळा भास नसतो.

मग मला काहीतरी ऐकू आलं, खरं तर छातीत जाणवलं. आधी 'प्फ' असा थुंकल्यासारखा आवाज, आणि लगेच डग्ग्यावर तळवा घासून काढावा तसा एक घुमारा, खोल, अगदी हलका. पुन्हा. पन्नास-साठ पावलांपलीकडे हा ऐकू जात नाही. नंतर पाहिलं तर रेकॉर्डरवरही उमटलेला नव्हता. म्हणजे 'गप्प' टर्की गप्प नसतोच. तो हलक्या आवाजात बोलतो, ज्याला ऐकवायचं त्यालाच.

तो माझ्या मागून आला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं: दहा पावलांवर, काशाच्या भांड्यावर तेल ओतावं तशी चमकणारी पिसं, डोक्यावर खडूसारखा पांढरा, गालाला निळा, गळ्याखालच्या गाठी पोवळ्यासारख्या लाल. हा पक्षी हिंदुस्थानात पहिल्यांदा नीट नोंदला गेला तो गोव्यामुळे. 1612 मध्ये मुकर्रब खानाने गोव्याच्या बंदरातून काही अपूर्वाईच्या वस्तू आणि प्राणी जहांगीराकडे नेले, त्यांत एक टर्की होता. बादशहाने आत्मवृत्तात लिहिलं की याचं डोकं कधी पोवळ्यागत लाल, कधी कापसासारखं पांढरं, कधी फिरोजी होतं, सरड्यासारखं. उस्ताद मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पोर्तुगीजांचा या पक्ष्यासाठीचा शब्द 'पेरू'. आपण तिखटमीठ लावून खातो त्याच्याशी घोटाळा नको. जहांगीराला रंगांचं नवल वाटलं. शिकाऱ्यासाठी तेच रंग म्हणजे पक्ष्याच्या मनाचा काटा: पांढरा वर चढलेला असेल तर गडी रंगात आहे, आवाज असो वा नसो.

काकांची बंदूक हलली नाही. हलणं शक्य नव्हतं, टर्की आणि नळी यांच्या मधोमध मी बसलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, पिसारा मिटला, तोंडातून एक कोरडं 'पट्' काढलं आणि चालू लागला. धावलासुद्धा नाही.

गाडीपाशी काका एवढंच म्हणाले, "वहीला मागे बसवायला हवं होतं."

23 मे आणि नंतर

पुढच्या शुक्रवारी मी कामावर होतो. 19 मेपासून शिकार दिवसभर करता येत होती, काका साडेनऊला एकटेच जाऊन बसले. सोंडेवर नाही, खाली चिखलाच्या वाटेवर, जिथे रेघा दिसल्या होत्या तिथे. पाटी एकदाच घासली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तासाभरात तो आला, एकही हाक न देता, घुमारत. दुपारी मी पोचलो तेव्हा तो अंगणात टेबलावर होता. वीस पौंडांच्या आतबाहेर वजन, पायामागच्या नखीचा काटा इंचाहून लांब. म्हणजे तीन वर्षांचा तरी, कदाचित जास्त. डोक्यावरचे रंग उतरून गेले होते. पोटाच्या पिशवीत ओली हिरवी पानं आणि बीटल्स. काकांनी मला एक पीस दिलं आणि पलीकडच्यांना सांगू नकोस म्हणाले. त्यांच्या कपाटात दुसऱ्या पक्ष्याचा परवाना होता, मोसम आठ दिवस बाकी होता, पण त्यांनी बंदूक पुसून ठेवून दिली.

रेकॉर्डर मात्र झाडावरच होता. महिनाअखेर तो काढला आणि शेवटचं कार्ड सवयीने पाहत बसलो. शुक्रवार, 23 मे: पहाटे अडखळणाऱ्या सुरुवातीचे तीन, मग दहा बेचाळीसला बंदुकीच्या आवाजाचा एक ठोकळा, मग कावळे. शनिवारी पाच एकेचाळीसला त्याच सोंडेवरून, बहुधा त्याच झाडांतून, एक गॉबल आहे. पहिला 'गॉ' स्वच्छ, शेपूट थोडं फाटलेलं. मागे जाऊन सगळी कार्डं पुन्हा चाळली. एप्रिलपासून तेवीस तारखेपर्यंत हा आवाज कुठेच नाही. जाणते सांगतात की दांडगा नर जवळ असला की दुय्यम नर तोंड मिटून असतात, बोलले तर मार खातात. हा तिथेच होता आणि पाच आठवडे गप्प बसला होता, की शुक्रवारच्या रात्री मोकळी जागा बघून दुसरीकडून आला, हे रेकॉर्डर सांगू शकत नाही. मी ती फाइल काकांना ऐकवली. त्यांनी ती दोनदा लावायला सांगितली.

"दोन वर्षांचा असेल," म्हणाले. "घसा अजून बसलेला नाही."

रविवारी, 25 तारखेला, तो अठ्ठावीस वेळा आरवला होता.